दुसऱ्याचें देणें आपल्या नांवें

(बुलढाणा जिल्ह्यांतील धाड येथें जमलेल्या मंडळीपुढें केलेलें प्रवचन)

शास्त्रपाठ : फिलेमोनास पत्र, वचनें ८ ते २०, कलस्सैकरांस पत्र, अध्याय २, वचनें १३ व १४.



ज्या गांवीं आज आपण जमलों आहों त्याचें नांव धाड. ह्या नांवाचा उगम काय असेल तो असो; आपल्या बोलींत धाड म्हणजे अवचित येऊन पडलेली आपत्ति. टोळांची धाड शेतावर पडते, दरोडेखोरांची वाड्यावर पडते, आणि पोलिसांची धाड बहुधा गांवाबाहेरच्या बेड्यावर किंवा पालावर पडते. टोळ उडून जातात, दरोडेखोर पळून जातात. परंतु तिसऱ्या धाडीची एक खूण मागें राहते. ती म्हणजे कागदावर चढलेलें नांव. असें चढलेलें नांव उतरविण्यास काय खर्च पडतो, तो कोणास झेपतो व कोणास झेपत नाहीं, ह्याविषयीं आज आपणांस देवाच्या वचनाच्या उजेडांत विचार करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, हा कोर्टकचेरीचा विषय देवाच्या मंदिरांत कशाला? त्यास आमचें उत्तर असें कीं, आपल्या सुवार्तेची भाषाच न्यायालयाची व हिशेबाच्या वहीची आहे. न्यायाधीश, साक्षी, मध्यस्थ, ऋण, खंडणी, निर्दोष ठरविणें हे शब्द प्रेषितांनीं तेथूनच घेतले. ज्याला आरोपाचें ओझें ठाऊक नाहीं, त्याला क्षमेची गोडीही पुरती कळावयाची नाहीं.

आरंभीं अनेसिमाची हकीकत ध्यानांत घेऊं. तो कलस्सै येथील फिलेमोन नांवाच्या ख्रिस्ती गृहस्थाचा दास होता. तो धन्याचें घर सोडून गेला. जातांना त्यानें कांहीं नेलेंही असावें, असें पौलाच्या लिहिण्यावरून वाटतें. त्या काळीं पळालेला दास सांपडला तर त्याच्या कपाळीं डाग देण्याची चाल रोमी राज्यांत होती. म्हणजे त्याचा गुन्हा कोणत्याही वहींत शोधावयास नको, तो येणाऱ्याजाणाऱ्यानें तोंडावरच वाचावा. असा हा मनुष्य बंदींत असलेल्या पौलाकडे येतो, ख्रिस्ताचा होतो, आणि पौल त्याला त्याच्या धन्याकडे परत पाठवितो. पाठवितांना त्याच्या हातीं एक चिठी देतो.

त्या चिठींत पौलानें काय लिहिलें आहे हें नीट पाहा. अनेसिमानें कांहीं केलेंच नाहीं, असें तो म्हणत नाहीं. झालें गेलें विसरून जा, एवढेंच सांगून तो थांबतही नाहीं. ह्याच्याकडून तुझें जें कांहीं येणें निघेल त्याचा हिशेब माझ्याशीं कर, तें मी फेडीन, असें तो सांगतो. आणि बोलणें कच्चें राहूं नये म्हणून तेवढें स्वतःच्या हातानें लिहून देतो. पौल त्या वेळीं साखळदंडांत होता; त्याच्या गांठीं पैसा कोठून असणार? तरी तो जामीन राहिला. सावकाराच्या दारीं दुसऱ्यासाठीं जामीन राहणें म्हणजे काय, हें खेड्यांतल्या मनुष्यास समजावून सांगावयास नको. सख्ख्या भावासाठीं अंगठा उठवितांनाही आपला हात कचरतो. पौलानें तो एका पळालेल्या दासासाठीं उठविला.

आतां दुसरें पत्र घ्या. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत पौल कळवितो कीं, तुखिकाबरोबर मी अनेसिमालाही पाठवीत आहें, आणि तो तुमच्यांतलाच आहे. ह्यावरून हीं दोन्ही पत्रें एकाच थैलींतून त्या गांवीं गेलीं असावीं, असें शास्त्राचे अनेक अभ्यासक मानितात. ह्या मोठ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आपल्या तारणाचें एक चित्र आहे. आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेख देवानें पुसला, तो मधून काढून टाकिला, आणि वधस्तंभाला ठोकिला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हाताचें लिखाण, म्हणजे ऋणकोनें स्वतः लिहून दिलेला कर्जरोखा, असा होतो. त्या काळची शाई ओल्या बोळ्यानें पुसतां येत असे; मूल पाटी पुसतें त्याप्रमाणें कागद पुन्हां कोरा होई.

तो प्रसंग डोळ्यांपुढें आणा. फिलेमोनाच्या घरीं मंडळी जमत असे. ती जमली आहे. मोठें पत्र वाचलें जात आहे. आपला रोखा पुसला गेला, हें ऐकून सर्वांचीं मनें भरून येत आहेत. आणि दाराशीं अनेसिम उभा आहे. त्याच्यावरचा रोखा अजून फिलेमोनाच्या पेटींत आहे. स्वर्गांतला हिशेब फिटला म्हणून आनंद करणारी ही मंडळी दाराशीं उभ्या असलेल्या मनुष्याच्या पृथ्वीवरील हिशेबाचें काय करणार? हाच प्रश्न आज आपणांपुढें आहे.

आतां रोमी राज्यांतून आपल्या मुलखांत येऊं. आमच्या माहितींतील दोन तरुणांची हकीकत सांगतों. त्यांचीं नांवें व गांवें सांगत नाहीं. कां, तें पुढें कळेल.

पहिला तरुण बऱ्या खात्यापित्या घरचा. बाजाराच्या दिवशीं बोलाचाली झाली, हातापायी झाली, एकाचें डोकें फुटलें, आणि ह्याच्यावर गुन्हा दाखल झाला. बापानें चार प्रतिष्ठितांस मध्यें घालून दुसऱ्या पक्षाशीं समेट केला, चांगला वकील पाहिला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें नेलें. उभयतांची संमति पाहून न्यायालयानें गुन्हा रद्द केला. कांहीं महिन्यांत तो मोकळा झाला, व आज शहरांत नोकरीवर आहे. कायद्यानेंच तसा मार्ग ठेविला आहे. त्यानें कांहीं वांकडें केलें नाहीं, आणि आम्ही त्याचा हेवा करीत नाहीं. मात्र ह्या भागांतून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि त्या वाटेनें जावयाचें तर आधीं शेताचा तुकडा तरी असावा लागतो, किंवा शेतवाला बाप तरी.

दुसरा तरुण पारधी बेड्यावरचा. एका विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीस गेली, आणि सकाळीं गाडी सरळ बेड्यावर आली. हा त्या वेळीं एकोणीस वर्षांचा होता. खटला सात वर्षें चालला. तारखेच्या दिवशीं मजुरी बुडे, आणि पुष्कळ वेळां साक्षीदार न आल्यामुळें नुसती पुढची तारीख मिळे. शेवटीं गुन्हा शाबीत होत नाहीं असें लिहून न्यायाधीशानें त्यास निर्दोष सोडलें. ह्या सात वर्षांत त्याचें लग्न झालें, मूल झालें, आणि त्यानें प्रभूचा स्वीकार करून बाप्तिस्मा घेतला.

पुढें त्यास कापसाच्या जिनिंग कारखान्यांत रखवालदाराचें काम मिळण्याचा योग आला. त्यासाठीं पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला हवा होता. दाखल्याचें शुल्क फार नव्हतें. परंतु कागदावर त्याच्या नांवापुढें जुना खटला दिसला, आणि ठेकेदारानें पुढें वाचलें नाहीं. निर्दोष सुटल्याची नक्कल आण, असें कोणीं तरी सांगितलें. त्याचा वकील वारला होता. खटल्याचा नंबर त्यास ठाऊक नव्हता. त्यास वाचतां येत नाहीं. एस.टी.चें भाडें, अर्ज लिहिणाऱ्याचे पैसे, नकलेची फी, उपाशीं पोटीं कचेरीच्या ओट्यावर काढलेला दिवस, आणि घरीं न आलेली त्या दिवसाची मजुरी, असा एकेका फेरीचा खर्च. अशा कितीतरी फेऱ्यांनंतर नक्कल हातीं आली तेव्हां ती जागा भरून गेली होती.

बंधुभगिनींनो, दोन्ही हकीकती शेजारीं ठेवून पाहा. पहिल्याच्या हातून खरोखर मारहाण झाली होती. त्याची पाटी कोरी झाली. दुसऱ्यावर कांहींच शाबीत झालें नाहीं. त्याच्या पाटीवरचें अक्षर तसेंच राहिलें. दोघांच्या अपराधांतील अंतर मोजलें तर उत्तर भलतेंच येतें; दोघांच्या खिशांतील अंतर मोजलें म्हणजे उत्तर बरोबर जमतें.

आणि आतां आमची गोष्ट. हा तरुण आमच्या ओळखीच्या एका मंडळीचा सभासद. दर रविवारीं तो सर्वांच्या आधीं येऊन सतरंज्या अंथरतो. वर्गणीची पेटी सांभाळण्यास त्याचें नांव एकानें सुचविलें, तेव्हां दुसरा कोणी हळूच म्हणाला, "दुसरा कोणी पाहा." आम्ही त्या बैठकींत होतों. तो निर्दोष सुटला आहे हें आम्हांस ठाऊक होतें. तरी आम्ही बोललों नाहीं. मंडळींत वाद नको, असें मनाशीं म्हणून आम्हीं पुढचा विषय घेतला. त्या ठेकेदारानें निदान अर्धा कागद तरी वाचला होता. आम्हीं तेवढाही वाचला नाहीं. म्हणूनच नांवें सांगत नाहीं. येथें लाज वाटावयाची ती त्या तरुणास नव्हे, आम्हांस वाटावयाची आहे.

ही चूक आमची एकट्याची नाहीं, तिला मोठा इतिहास आहे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभीं तो उत्तरेकडील प्रांतांस लागू होता. १९११ च्या कायद्यानें तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानांत लागू करण्याची मुभा मिळाली, व १९२४ सालीं त्याची नव्यानें मांडणी झाली. ह्या कायद्यान्वयें माणसाचा नव्हे, संबंध जमातीचा गुन्हा ठरे. पाळण्यांतलें मूलही त्या शिक्क्याखालीं जन्मास येई. नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेत, त्यांस हजेरी द्यावी लागे, आणि परवान्यावांचून ठिकाण सोडतां येत नसे. फांसेपारध्यांसारख्या अनेक जमाती ह्या यादींत होत्या. सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, जमात गुन्हेगार ठरविणाऱ्या जाहीरनाम्यावर कोणत्याही न्यायालयांत वाद चालत नसे. ज्याच्यापाशीं द्रव्य होतें त्यालासुद्धां तें नांव उतरवितां येत नव्हतें. मग गरिबाची कथा काय?

ह्या कामीं ख्रिस्ती लोकांचा हात होता हें आपण लपवूं नये. उत्तरेंत मुक्तिफौजेनें अशा जमातींच्या वसाहती चालविल्या. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनाच्या देखरेखीखालीं होती. तेथें राहणारे लोक गिरण्यांत कामास जात, त्यांच्या मुलांस शाळा होती, आणि कित्येक सेवकांनीं तेथें मनापासून श्रम केले. त्यांचें प्रेम खोटें नव्हतें. परंतु वसाहतीभोंवतीं तारेचें कुंपण होतें आणि रोजची हजेरी होती, आणि त्या हजेरीची वही आपल्याच माणसांच्या हातीं होती. तहानेल्यास आपण पाणी पाजलें हें खरें; त्याच्या पायांतील बेडी अन्यायाची आहे हें मोठ्यानें सांगण्यास मात्र आपण उशीर केला.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला, आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊं लागल्या. एक्याऐंशी वर्षांचा शिक्का एका दिवसांत कागदावरून गेला. लोकांच्या मनांवरून गेला नाहीं. पुढें सराईत गुन्हेगारांविषयींचे कायदे ठिकठिकाणीं झाले. आपल्याकडे, म्हणजे त्या वेळच्या मुंबई राज्यांत, तसा कायदा १९५९ सालीं झाला. हे कायदे व्यक्तीसाठीं होते, जमातीसाठीं नव्हते. तरी जुनी नजर त्यांच्या आड राहून पाहत राहिली. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२४ मध्यें एका निकालांत राज्यांस बजाविलें कीं, केवळ मागास वा वंचित समाजांत जन्मला म्हणून कोणा निरपराध्याचें नांव पोलिसांच्या गुन्हेगारवहींत यांत्रिकपणें चढूं नये. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं त्याच न्यायालयानें तुरुंगांच्या नियमांतील जातिभेदाचीं कलमें घटनाबाह्य ठरविलीं. विमुक्त जमातींच्या लोकांस जन्मतः सराईत समजणारे नियमही त्यांत आले. म्हणजे १९५२ सालीं जी गोष्ट संपली असें आपण समजत होतों, ती २०२४ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायपीठास पुन्हां सांगावी लागली.

आतां प्रेषितांच्या कृत्यांचा चोविसावा अध्याय पाहा. पौलाचा खटला फेलिक्स सुभेदारापुढें चालला. फिर्यादींस कांहीं शाबीत करतां आलें नाहीं. फेलिक्सास हें कळत होतें. तरी त्यानें पौलास सोडलें नाहीं. पौल आपणांस पैसे देईल अशी आशा धरून तो त्यास वारंवार बोलावी व त्याच्याशीं गोष्टी करी. अशीं दोन वर्षें गेलीं, आणि जातांनाही तो पौलास बंदींतच ठेवून गेला. तत्पूर्वीं बाविसाव्या अध्यायांत एक रोमी सरदार सांगतो कीं, त्यास नागरिकत्वाचा हक्क पुष्कळ द्रव्य देऊन मिळाला. पाहा, त्या राज्यांत एकास मान विकत मिळाला, आणि दुसऱ्याची सुटका विकावयास मांडली होती. पौलानें लांच दिली नाहीं. त्या नाहीं म्हणण्याची किंमत दोन वर्षें, आणि ती त्यानें मोजली.

म्हणून कोणी दलाल तुम्हांस म्हणेल, "इतके हजार द्या, दप्तरांतून तुमचें नांव काढून देतों," तर त्याचें ऐकूं नका. असें नांव पैसे घेऊन काढण्याचा अधिकार कोणासही नाहीं. पैसेही जातील, आणि सत्यही जाईल. योग्य मार्गास लागणारा खर्च निराळा व लांच निराळी. पहिला आपण मिळून उचलावा. दुसरी कोणीं देऊं नये, कोणीं घेऊं नये.

तर मग आपण काय करावें? उपदेशक बंधूंनो, पुढील गोष्टी नीट लक्षांत ठेवा, आणि आपापल्या गांवीं सांगा.

पहिली गोष्ट, खटला झाला असेल तर नोकरीच्या अर्जांत विचारल्यावर तो लपवूं नका. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं सांगितलें आहे कीं, विचारलेली माहिती खरी दिली पाहिजे. आणि ती खरी दिल्यावर तरुणपणींच्या क्षुल्लक प्रकरणाकडे मालकानें योग्य विचारानें कानाडोळा करणें शक्य आहे. खोटें सांगून मिळालेली जागा खोटें उघडकीस आलें म्हणजे जाते. सत्य सांगणें हें येथें धर्माचेंही आहे व हिताचेंही.

दुसरी गोष्ट, निकाल लागला कीं त्याची सहीशिक्क्याची नक्कल लगेच घ्या, आणि खटल्याचा नंबर व वर्ष लिहून ठेवा. झोपडी गळते, कागद भिजतो. म्हणून एक प्रत मंडळीच्या पेटींत राहूं द्या. बाप्तिस्म्याची वही आपण जितक्या काळजीनें ठेवितों तितक्याच काळजीनें हा कागद ठेवावा.

तिसरी गोष्ट, वकिलासाठीं शेत गहाण टाकण्यापूर्वीं बुलढाणा येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानें गरिबांस मोफत वकील मिळण्याची सोय केली आहे. अनुसूचित जातींचे व जमातींचे लोक, स्त्रिया, मुलें, अपंग, आणि कोठडींत असलेला मनुष्य ह्यांस उत्पन्न न पाहतां ती मिळते. इतरांस ठरलेल्या उत्पन्नाच्या आंत मिळते. आपल्यांतील जे पूर्वाश्रमीं अस्पृश्य गणलेल्या जातींतून ख्रिस्ती झाले, त्यांस अनुसूचित जातीचा हक्क सांगतां येत नाहीं. तरी स्त्री म्हणून, बंदिवान म्हणून, किंवा उत्पन्न थोडें म्हणून ही वाट त्यांसही उघडी आहे. अनुसूचित जमातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला तर त्याचा तो हक्क जात नाहीं. १५१०० ह्या दूरध्वनीवर चौकशी करतां येते, आणि उच्च न्यायालयांत जावें लागलें तर नागपुरासही अशी समिति आहे. हे मार्ग आहेत. परंतु ज्याला वाचतां येत नाहीं त्याला ते नसल्यासारखेच आहेत. म्हणून ज्याला वाचतां येतें त्यानें सोबत जावें. उपदेशकाचा तो एक दिवस उपदेशांतच धरला जाईल.

चवथी गोष्ट, अठरा वर्षांच्या आंतील मुलाच्या हातून अपराध घडला तर २०१५ च्या बालन्याय कायद्यानें त्याची नोंद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावयाची असते. सोळा वर्षांवरील मुलाचीं अतिशय घोर प्रकरणें मात्र वेगळीं. तसेंच १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखालीं न्यायालयानें एखाद्यास ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलें, तर त्या दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता त्यास लागत नाहीं. हें ठाऊक नसल्यामुळें कितीएक आईबाप मुलाचें आयुष्य संपलें असें समजून बसतात.

परंतु येथवर आम्हीं सोपी बाजू सांगितली. बेड्यावरचा तो तरुण निर्दोष होता. त्याच्यासाठीं बोलणें कठीण वाटूं नये. अनेसिम निर्दोष नव्हता. ज्याच्या हातून अपराध खरोखर झाला, ज्यानें शिक्षा भोगली, आणि जो घरीं परत आला, त्याचें काय? अशा प्रौढ मनुष्याची नोंद कांहीं वर्षांनंतर पुसून टाकणारा एकच सर्वसाधारण कायदा आपल्या देशांत आज नाहीं. न्यायालयानें दिलेली शिक्षा दोन वर्षांत संपते. गांवानें दिलेली शिक्षा त्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत पोंचते. अशा मनुष्यास पृथ्वीवर एक तरी जागा असावी, जेथें त्याचा जुना कागद कोणी मागणार नाहीं. ती जागा मंडळी नव्हे, तर दुसरी कोणती?

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं पापास पाप म्हणूं नये. जखमी झालेल्याचें दुःखही खरें आहे, लुटलेल्याचें नुकसानही खरें आहे. ज्याच्याकडून भरपाई होण्यासारखी आहे त्यानें जक्कयाप्रमाणें ती करावी. पौलानें फिलेमोनाचें नुकसान नाकारलें नाहीं. तें कोणीं तरी सोसलेंच पाहिजे हें ओळखून त्यानें स्वतः पुढें केलें. क्षमा फुकट दिसते ती घेणाऱ्यास. देणाऱ्यास ती कधींच फुकट पडली नाहीं. आपला रोखा पुसला गेला तोही पाण्यानें नव्हे. ज्या देवापुढें धनवान व दरिद्री ह्यांस एकच दार आहे, त्यानें त्या दाराची सगळी किंमत आपल्या पुत्राच्या रक्तानें भरली, म्हणून आपणांपाशीं कोणीं दाम मागितला नाहीं. ज्यांस असें मोकळें केलें आहे त्यांनीं दुसऱ्याच्या भाड्याचे चार पैसे मोजतांना कुरकूर करावी काय?

आपल्या भगिनी चुलीपाशीं बसतांना प्रभूसाठीं मूठभर धान्य बाजूला काढितात. कापणीच्या उपकारस्तुतीच्या वेळीं ज्वारी, तूर, कापूस मंदिरांत येतो. त्यांतला एक वांटा ह्या कामासाठीं ठेवा. ज्याची तारीख असेल त्याचें भाडें, नकलेची फी, बुडालेली मजुरी त्यांतून द्या, आणि तो मनुष्य आपल्या मंडळीचा आहे कीं नाहीं हें विचारूं नका. हें दान म्हणून देऊं नका; दुसऱ्याचें देणें आपल्या नांवें घेतलें असें समजून द्या.

आणि ह्या सर्वांच्या आधीं आपापल्या मनांतील वही उघडा. पोलिसांच्या वहीवर आपली सत्ता नाहीं; ह्या वहीवर आहे. तींतील नांव पुसण्यास वकील लागत नाहीं, नागपुरास जावें लागत नाहीं, एक पैसा पडत नाहीं. आणि तरीही तेंच काम आपण सर्वांच्या मागें टाकितों.

गेल्या महिन्यांत आम्ही त्या बेड्यावर गेलों, आणि त्या दिवशीं गप्प बसल्याबद्दल त्या तरुणाची क्षमा मागितली. त्यानें बाज पुढें केली, कोरा चहा दिला, आणि नक्कल प्लास्टिकच्या पिशवींतून काढून आमच्या हातीं दिली. मग त्यानें विचारलें, "पाळकसाहेब, हा कागद आतां मंडळींतही दाखवावा लागेल काय?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, कारण तें एकट्यानें देण्यासारखें नव्हतें. बंधुभगिनींनो, तें उत्तर तुम्हीं द्यावयाचें आहे. आणि तें आज येथें शब्दांनीं देऊन भागणार नाहीं. वडिलांची बैठक पुढच्या रविवारीं आहे. पेटीचा विषय पुन्हां निघेल, आणि ह्या वेळीं आम्ही बोलूं.

आपण प्रार्थना करूं. हे कृपावंत पित्या, आमच्याविरुद्ध जें लिहिलें होतें तें तूं पुसलेंस, आणि त्याचा खर्च आम्हांस मागितला नाहींस. आमच्या दाराशीं जो उभा आहे त्याला आंत घेण्याचें धैर्य आम्हांस दे. ज्यांचीं नांवें अन्यायानें चढलीं तीं उतरोत. जे न्याय करितात त्यांच्या हातीं सरळपण राहो. आणि ज्यांनीं खरोखर चूक केली त्यांस उठून चालण्यास आमचा खांदा मिळो. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.